स्वतःला दिलेला शब्द



वाण्याकडे ज्याची उधारी थकलेली असते, तो गृहस्थ महिनाअखेरीस त्या दुकानावरून जाताना पाऊल जरा लगबगीने उचलतो. शेजाऱ्याकडून आणलेले पुस्तक परत करायचे राहिले, तर शेजारी दारात दिसताच आपली नजर आपोआप खाली जाते. पाहुण्यांना पाच वाजता येतो असे सांगून सहा वाजले, तर दहा सबबी तयार ठेवूनच आपण त्यांचा उंबरठा ओलांडतो. दुसऱ्याला दिलेला शब्द मोडणे आपल्याला असे जड जाते, आणि ते जड जाते हे आपल्या समाजाचे भाग्यच म्हटले पाहिजे. परंतु एक घेणेकरी असा आहे, की त्याचे देणे आपण वर्षानुवर्षे बुडवतो आणि तरीही तो कधी तगाद्याला येत नाही. तो रस्त्यात अडवीत नाही, चारचौघांत पाणउतारा करीत नाही. तो घेणेकरी म्हणजे आपण स्वतः. ‘उद्यापासून पहाटे उठेन’, ‘या महिन्यापासून चार पैसे बाजूला टाकीन’, ‘आता तपकीर बंद’ असे शब्द आपण त्याला देतो आणि तो बिचारा प्रत्येक वेळी ते खरे मानून घेतो. आजच्या भाषणात मी या घेणेकऱ्याची बाजू मांडणार आहे.

प्रथम एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे. ज्याने शब्द दिला आणि ज्याला दिला ते दोघे एकच असतील, तर त्या शब्दाला बंधन कसले? दुसऱ्याचे ऋण असेल तर ते माफ करण्याचा अधिकार त्या दुसऱ्याचा असतो. इथे ऋणको आणि धनको एकाच अंगरख्यात बसलेले. ऋणकोने नुसती मान हलवली, की धनकोने कर्ज माफ केलेच म्हणून समजा. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने नीतिशास्त्रावरील आपल्या १७९७ सालच्या ग्रंथात हा पेच स्पष्ट मांडला आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की माणूस एकजिनसी नाही. त्याच्यात वासनांच्या ओढीने चालणारा एक आहे आणि विवेकाने नियम घालून देणारा दुसरा आहे. पहिला दुसऱ्याला बांधलेला आहे. कांटचे सगळे तत्त्वज्ञान येथे उलगडण्याचे कारण नाही. आपल्या अनुभवालाही हे पटण्यासारखे आहे. रात्री दहा वाजता गजर लावणारा माणूस आणि पहाटे पाच वाजता तो गजर बंद करणारा माणूस, हे दोघे एकमेकांना ओळखतात तरी का, असा प्रश्न पडावा इतके ते वेगळे असतात. रात्रीचा माणूस उदार, कारण उठायचे असते ते दुसऱ्याला. पहाटेचा माणूस कृपण, कारण पांघरूण त्याच्या अंगावर असते. या दोघांत सलोखा घडवून आणणे म्हणजेच आत्मसंयम.

आपल्या पूर्वजांना हा सलोखा किती अवघड आहे याची पुरेपूर जाणीव होती, असे आपली भाषाच सांगते. इच्छा, बेत, संकल्प, नेम, व्रत, पण या शब्दांची चढती भाजणी पाहा. बेत मोडला तर कोणी काही बोलत नाही, नेम मोडला तर मनाला चुटपुट लागते आणि व्रत मोडले तर त्याचे परिमार्जन करावे लागते. धार्मिक कृत्याच्या आरंभी संकल्प सोडताना काय करतात ते आठवा. नुसते ‘मी हे करीन’ एवढे म्हणून भागत नाही. संवत्सर, मास, तिथी, वार, नक्षत्र आणि कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत ते स्थळ, या साऱ्यांचा उच्चार करून मग हातावरून पाणी सोडावयाचे. संकल्पाला असा काळ आणि असे स्थळ चिकटलेले असले, की तो हवेत विरून जात नाही. अलीकडच्या मानसशास्त्रानेही याच मार्गाचा शोध घेतला आहे. पीटर गोल्विट्झर या शास्त्रज्ञाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले, की ‘मी व्यायाम करीन’ असे ठरवणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक जागी, अमुक घडले की मी अमुक करीन’ असे ठरवणाऱ्या माणसाच्या हातून ती गोष्ट पार पडण्याचा संभव अधिक असतो. कारण उघड आहे. वेळ आणि जागा आधीच ठरली, की आयत्या वेळी मनाशी वाटाघाट करण्याचे काम उरत नाही; आणि वाटाघाटीत आळस हा नेहमीच निष्णात वकील ठरतो.

चातुर्मासाचे नेम आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी रोज एका ग्रंथाचा अध्याय वाचतो. त्याआधी कांदेनवमीला कांद्याची भजी आणि थालीपिठे यथेच्छ खाऊन कांद्याला निरोप दिला जातो, हेही मोठे शहाणपणाचे. आमच्या ख्रिस्ती घरांतून राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळ सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. त्या काळात कोणी मांसाहार सोडतो, कोणी विडीकाडी सोडतो आणि वाचलेले पैसे गरिबांच्या पेटीत टाकतो. दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. पण मधले सहा रविवार उपवासात धरीत नाहीत, म्हणून चाळीस. मुसलमान बांधवांच्या रमजानात आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजातून सवलत आहे; मात्र चुकलेले रोजे पुढे वर्षभरात भरून काढावे लागतात.

या तिन्ही परंपरा एकमेकींपासून किती दूर, पण त्यांची बांधणी पाहिली तर घरातल्या बहिणी शोभाव्यात. तिघींतही आरंभाचा दिवस ठरलेला आहे आणि शेवटचाही ठरलेला आहे. काय सोडायचे ते नाव घेऊन सांगितलेले आहे. केव्हा सूट मिळेल ते आधी लिहिलेले आहे, आयत्या वेळी शोधून काढायचे नाही. शिवाय सारे घर, सारी आळी तेच करीत असल्यामुळे एकट्याच्या मनोबलावर भार पडत नाही. आणि शेवटी उद्यापन आहे, सण आहे, गोडधोड आहे. याउलट आपण एक जानेवारीला जे संकल्प सोडतो त्यांना यातले काहीच नसते. ‘यापुढे रागावणार नाही’ हा संकल्प कधी संपणार? तो आज पाळला गेला की नाही हे ठरवणार कोण? जन्मभराचे ओझे एका सकाळी खांद्यावर घेतले, तर दुसऱ्या आठवड्यात ते रस्त्याच्या कडेला दिसावे यात नवल नाही.

शाळामास्तराला या गोष्टीचे दर्शन दरवर्षी घडते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले अभ्यासाची वेळापत्रके करून आणतात. तांबड्या-निळ्या शाईने आखलेली, पहाटे चार ते रात्री अकरा अशी. खेळाला अर्धा तास, जेवणाला वीस मिनिटे. ते वेळापत्रक करण्यात एक अख्खा दिवस जातो आणि तेवढ्यातच अभ्यास केल्याचे पुण्य पदरी पडते. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवर तसेच लटकत असते आणि मुलगा त्याच्याकडे पाहण्याचे टाळतो. अशा मुलांना मी एवढेच सांगतो, की बाबा, चार वाजता उठू नकोस. तू आज साडेसहाला उठतोस ना, मग उद्यापासून सव्वासहाला ऊठ आणि तोंड धुतल्यावर दोन गणिते सोडव. दोन म्हणजे दोन. तिसरे सोडवलेस तर ती तुझी मर्जी, पण दोनाचे एक होता कामा नये. मुलांना हे फार क्षुल्लक वाटते. पण क्षुल्लक असते म्हणूनच ते पाळले जाते, आणि पाळलेल्या शब्दाला व्याज सुटते.

माझा एक माजी विद्यार्थी शालान्त परीक्षेत इंग्रजीत नापास झाला. घरची ओढगस्त, तो एका फाउंड्रीत कामाला लागला. भट्टीपाशी दिवसभर उभे राहून रात्री घरी आल्यावर अभ्यास कसला होणार? त्याने ठरवले, की जेवण झाले, ताट उचलले, की इंग्रजीचे पुस्तक उघडायचे आणि दहा ओळी वहीत उतरवून त्यांचा अर्थ लावायचा. फारच थकवा असेल त्या रात्री एकच ओळ, पण वही कोरी ठेवायची नाही. दोन वर्षांनी तो मला भेटला तेव्हा उत्तीर्ण झाला होता. मी त्याचे अभिनंदन केले, तर म्हणाला, “सर, पास होईन की नाही ते माझ्या हातात नव्हते. वही मात्र माझ्या हातात होती.” मी पुष्कळ वर्षे शिकवीत आहे, पण संयमाची याहून सुबोध व्याख्या मला पाठ्यपुस्तकात आढळलेली नाही.

सवय अंगी मुरायला किती दिवस लागतात, असे पालक विचारतात. एकवीस दिवस, चाळीस दिवस अशी उत्तरे लोक ठोकून देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांचे सहकारी यांनी ९६ माणसांवर केलेले एक निरीक्षण २०१० साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकाने दुपारच्या जेवणाबरोबर पाणी पिणे, संध्याकाळी थोडे धावणे असे एकेक साधे कृत्य निवडले आणि बारा आठवडे त्याची नोंद ठेवली. ते कृत्य आपोआप होऊ लागायला सरासरीने सुमारे ६६ दिवस लागत असल्याचे दिसले. काहींना अठराच दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत गणिताने २५४ दिवसांचा अंदाज निघाला. त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय जडण्यात फारसा बिघाड होत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की ‘आता मोडलेच ना’ असे म्हणून उरलेला महिनाही त्याच्यामागे लोटून देतो. घागरीला चीर गेली म्हणून आतले सारे पाणी ओतून टाकणाऱ्याला आपण शहाणे म्हणत नाही.

नोंद ठेवण्याची गोष्ट निघाली, म्हणून दोन वह्यांची हकिकत सांगतो. पहिली वही स्पेनमधील संत इग्नेशियस लोयोला यांची. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली धर्मपीठाची मान्यता मिळाली. त्यात साधकाने आपला एकच दोष निवडावा, सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करावा, आणि दुपारी व रात्रीच्या जेवणानंतर मनाची झडती घेऊन तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके आठवड्याच्या ओळींवर द्यावेत, असे सांगितले आहे. मग काल आणि आज, हा आठवडा आणि मागचा आठवडा, यांची तुलना करावी. दिवसा दोष घडला, की त्याच क्षणी हात छातीशी न्यावा. चारचौघांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी वही बेंजामिन फ्रँकलिन यांची. अमेरिकेतील छापखान्याचा हा मालक पुढे मोठा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ झाला. तरुणपणी त्याने तेरा सद्गुण निवडले, लहानशा वहीत तांबड्या शाईने सात वारांचे सात रकाने आखले आणि दोष घडला की त्या चौकटीत काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. एका आठवड्यात एका गुणाकडे विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार फेरे. धर्मपरायण संत आणि व्यवहारी छापखानेवाला, मध्ये जवळजवळ दोन शतकांचे अंतर, आणि वही मात्र एकाच जातीची! दोघांनाही एक गोष्ट कळली होती, की मन हे फार लबाड मुनीम आहे. हिशेब तोंडी ठेवला तर ते जमेची बाजू फुगवते आणि खर्चाची विसरते. कागदावरचा ठिपका मात्र विसरत नाही.

फ्रँकलिनला सर्वांत अवघड गेला तो व्यवस्थितपणा. या संदर्भात त्याने आत्मचरित्रात एक गोष्ट सांगितली आहे. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेप्रमाणेच तिचे सगळे पाते चकचकीत करून मागितले. लोहार म्हणाला, जरूर, फक्त साणेचे चाक तुम्ही फिरवा. तो पाते दगडावर दाबून धरी आणि हा घाम गाळीत चाक फिरवी. थोड्या थोड्या वेळाने थांबून हा पाहतो, तर पात्यावर डाग आहेतच. अखेर म्हणाला, राहू द्या, आहे तशीच नेतो. लोहार म्हणाला, अजून फिरवा, निघतील डाग. सध्या ती ठिपकेदार आहे. त्यावर हा म्हणतो, मला ठिपकेदार कुऱ्हाडच अधिक आवडते! श्रोतेहो, ‘मला पहाटेचे काही मानवत नाही’, ‘माझा स्वभावच तापट’, ‘हिशेब ठेवणे मला क्षुद्र वाटते’ अशी वाक्ये आपण बोलतो, तेव्हा ती आवड असते की थकलेल्या हाताची सबब, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. स्वतः फ्रँकलिन पूर्णत्वाला पोचला नाही, आणि त्याने ते मोकळेपणाने लिहिलेही आहे. मात्र प्रयत्न केला नसता तर जो झालो असतो त्यापेक्षा चांगला आणि सुखी झालो, असे त्याचे म्हणणे होते.

काही माणसे तर स्वतःवर इतका अविश्वास ठेवतात, की त्यातूनच त्यांचे मोठे काम उभे राहते. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. कचेरीला जाण्यापूर्वी तो रोज पहाटे साडेपाचला लिहायला बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहून काढी. पण साडेपाचला उठवणार कोण? त्यासाठी घरातील एका म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देई. त्या नोकराने पहाटे कॉफी आणून त्याला उठवावयाचे. आपल्या यशाचे श्रेय आपण इतर कोणाहीपेक्षा याच म्हाताऱ्याला दिले पाहिजे असे त्याने लिहिले आहे, आणि त्याच्या कादंबऱ्यांची संख्या ४७ आहे. मनोनिग्रही माणूस म्हणजे लोखंडाच्या मनाचा माणूस अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा आपले मन मेणाचे आहे हे जाणून त्याला विस्तवापासून दूर ठेवणारा असतो.

लहान मुलांवरील एका प्रसिद्ध प्रयोगातही हेच दिसून आले. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे खाऊ ठेवून सांगितले, की मी परत येईपर्यंत थांबलास तर तुला अधिक मिळेल. जी मुले थांबू शकली, ती खाऊकडे टक लावून दात-ओठ खाणारी नव्हती. ती डोळे झाकीत होती, गाणे म्हणत होती, पाठ फिरवीत होती. या मुलांचे पुढे सगळे चांगले झाले असे बरीच वर्षे सांगितले गेले. २०१८ साली अधिक मुलांच्या माहितीवरून झालेल्या तपासणीत मात्र तो संबंध बराच क्षीण निघाला. घरची परिस्थिती लक्षात घेतली, की त्यातला मोठा भाग नाहीसा झाला. मला वाटते, शिक्षकांनी आणि पालकांनी हा दुसरा भाग अधिक लक्षात ठेवावा. अधीर मुलाला ‘तुझ्यात दमच नाही’ असे म्हणणे सोपे आहे.

या बाबतीत रॉचेस्टर विद्यापीठात झालेला आणखी एक प्रयोग मला विशेष अंतर्मुख करणारा वाटतो. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची २८ मुले घेतली. त्यांना आधी सांगितले, की थोडे थांबलात तर चांगले रंगीत खडू आणून देऊ. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना मात्र ‘नाहीत, विसरलो’ असे म्हणून रिकाम्या हाताने येऊन दाखवले. त्यानंतर प्रत्येकापुढे मिठाई ठेवली आणि पंधरा मिनिटे थांबलास तर दुसरी मिळेल असे सांगितले. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले होते, ती तीन मिनिटे. पहिल्या चौदांपैकी नऊ मुलांनी शेवटपर्यंत धीर धरला; दुसऱ्या चौदांपैकी एकानेच. या दुसऱ्या मुलांना दुबळी कशी म्हणावे? ती तर शहाणी होती. ज्याच्या ‘नंतर’वर भरवसा नाही, त्याच्यासाठी आताचा घास का सोडावा?

श्रोतेहो, आता तो घेणेकरी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. आपल्या अंतःकरणातही असे एक मूल बसलेले आहे. त्याला आपण म्हणतो, ‘आज थांब, उद्या तुझे भले होईल.’ आणि उद्या आपण रिकाम्या हाताने येतो. असे दहा वेळा झाले, की अकराव्या वेळी ते मूल आपले ऐकत नाही. पुढचा संकल्प सोडतानाच आतून कोणीतरी हसते आणि आपण म्हणतो, मला इच्छाशक्तीच नाही. इच्छाशक्ती गेलेली नसते. पत गेलेली असते. आणि गेलेली पत परत मिळवायचा मार्ग पेढीवर आणि मनात एकच आहे. मोठे कर्ज मागू नये. लहान रक्कम घ्यावी, ठरल्या दिवशी परत करावी, मग पुन्हा लहान रक्कम घ्यावी. म्हणून मी दोन गणितांचा आग्रह धरतो. आणि म्हणूनच, घरातल्या मुलाला ‘रविवारी नदीवर नेईन’ असे सहज बोलून विसरणाऱ्या वडिलांना मी हात जोडून सांगतो, की आपण त्याचा केवळ एक रविवार बुडवीत नाही, त्याची धीर धरण्याची शक्तीच खुडत आहात.

एका दुःखद विषयाला स्पर्श केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. आपल्या पुष्कळ घरांत ‘उद्यापासून दारू बंद’ हा शब्द दर शनिवारी दिला जातो आणि दर सोमवारी मोडतो. बायको तो ऐकते, मुले ऐकतात, आणि देणाऱ्याच्या डोळ्यांत त्या क्षणी खरेच पाणी असते. त्याला आपण खोटारडा म्हणतो. वस्तुतः व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाने एकट्याने स्वतःला शब्द देऊन तो आजार हटत नाही. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉक्टर रॉबर्ट स्मिथ हे दोन व्यसनी गृहस्थ एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहू लागले, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही बंधुसंस्था जन्मली. तिच्या सभा आज आपल्याकडेही भरतात. ‘जन्मात पिणार नाही’ असे तेथे म्हणावयाचे नसते. ‘आजचा दिवस पिणार नाही’ एवढेच म्हणावयाचे, आणि तेही आपल्यासारख्याच इतरांच्या सोबतीने. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने मराठी घरांना या मार्गाची मोठी ओळख करून दिली. ज्या घरात हे दुःख आहे त्या घराने शपथांचा हिशेब करीत बसू नये; वैद्यकीय मदत मागावी. मदत मागणे हाही एक शब्द पाळणेच आहे.

शब्द पाळण्याच्या भरात विवेक हरवू नये, हेही सांगितले पाहिजे. भीष्मांनी राज्यत्यागाची आणि ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली ती सत्यवतीच्या पित्यासाठी. पुढे विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, वंश बुडू लागला, तेव्हा खुद्द सत्यवतीने ती प्रतिज्ञा बाजूला ठेवण्यास विनवले. भीष्म बधले नाहीत. महाभारताचे वाचक आजही त्यावर वाद घालतात, आणि तो वाद घालावा असाच आहे. शुभवर्तमानात हेरोद राजा मेजवानीत एका मुलीला ‘मागशील ते देईन’ अशी शपथ घालून बसतो आणि केवळ पाहुण्यांसमोर शब्द खोटा पडू नये म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर कापवतो. तेथे मात्र वादाला जागा नाही. आपल्या शब्दाची किंमत दुसऱ्याने रक्त सांडून द्यावयाची असेल, तर तो शब्द मोडणे हाच धर्म होय.

याच्या उलट दिशेचा धोकाही आहे. शब्दाचे टरफल ठेवून गर टाकून देण्याचा. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. १९१८ साली ते कठीण दुखण्यात सापडले आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैसच होती, मग शेळीचे दूध घ्यायला काय हरकत, असे कस्तुरबांनी सुचवले. त्यांनी ते घेतले आणि प्रकृती सुधारली. पण आत्मकथेत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे, की अक्षर पाळले गेले, आत्मा मात्र राहिला नाही, आणि ही टोचणी आपल्याला कायम आहे. जगण्यासाठी त्यांनी दूध घेतले यात दोष देण्यासारखे काही नाही. मोलाचे आहे ते त्यांचे स्वतःशी खोटे न बोलणे. वहीत ठिपका पडला होता. त्यांनी तो खोडला नाही.

शेवटी महाराष्ट्रातील एका माणसाचे स्मरण करून आपली रजा घेतो. कोकणातील मुरूडचा धोंडो केशव कर्वे नावाचा विद्यार्थी परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला न बसवताच त्याला परत पाठवले. दुसऱ्या कोणी त्या घाटातच शिक्षणाला रामराम ठोकला असता. पुढे हेच कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. १९०० साली हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा दिवसा कॉलेजात शिकवून ते पायी तेथे जात. वाट चिखलाची, अंधाराची. त्यांना कोणी हाक मारून विचारीत नव्हते, की आज का आला नाहीत? १९१६ साली महिला विद्यापीठ, १९३६ साली वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ, अशी कामे एकामागून एक उभी राहिली. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली ते वारले. त्यांच्या वक्तृत्वाची वाखाणणी झाल्याचे कोणी सांगत नाही. ते मितभाषी आणि संकोची होते. सांगतात ते त्यांच्या चालण्याविषयी.

तेव्हा, श्रोतेहो, आज रात्री निजण्यापूर्वी एक लहानसा शब्द स्वतःला द्यावा. तो इतका लहान असावा, की शेजाऱ्याला सांगितला तर त्याला हसू यावे. कधी आणि कोठे पाळायचा तेही ठरवावे. उशाशी वही ठेवावी आणि उद्या रात्री तीत खरे तेच लिहावे. चुकला तर ठिपका द्यावा आणि परवा पुन्हा सुरुवात करावी. आपला तो मुका घेणेकरी बरीच वर्षे दारात उभा आहे. त्याच्या हातावर पहिला पैसा तरी ठेवू या.